पूडल पाळायचाय? आधी त्याचे केस समजून घ्या

गणपतीच्या आदल्या दिवशी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून मालवणात येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाडीतून पिशव्या, खोकी आणि मुलांच्या जोडीने कधी कधी एखादा कुत्राही उतरतो. पूर्वी तो बहुधा पॉमेरियन नाहीतर लॅब्रेडॉर असे. आता एखाद्या गाडीतून कुरळ्या केसांचा, कापसाच्या खेळण्यासारखा दिसणारा पूडलही उतरू लागला आहे. वाडीतली मुले भोवती जमतात आणि मोठ्या माणसांचे प्रश्न सुरू होतात. हा एवढाच राहतो की मोठा होतो? याचे केस गळत नाहीत म्हणतात, ते खरे का? घरात दम्याचे माणूस असले तरी हा चालतो का?

तिन्ही प्रश्न योग्य आहेत. तिन्हींची उत्तरे पूडलच्या केसांशी येऊन थांबतात. जे केस पाहून हा कुत्रा विकत घेतला जातो, त्याच केसांमुळे किनाऱ्यावरच्या दमट हवेत त्याची सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. पूडल घेण्याआधी किंवा असलेला पूडल गावी नेण्याआधी हे नीट समजून घेतलेले बरे.

मुळात पाण्यातला कुत्रा

पूडल म्हटले की डोळ्यांसमोर रिबिन बांधलेला, श्रीमंत घरातला कुत्रा येतो. प्रत्यक्षात ही जात कामकरी आहे. ‘पूडल’ हे नाव पाण्यात डुबकण्याशी संबंधित असलेल्या जर्मन शब्दावरून आले. फ्रेंच भाषेत त्याला ‘कानिश’ म्हणतात. त्या नावाचा संबंध बदकाशी आहे. शिकाऱ्याने पाडलेले बदक तळ्यात पोहत जाऊन तोंडात अलगद धरून आणायचे, हे त्याचे काम होते. अंगावरची दाट, कुरळी लोकर त्याला थंड पाण्यात ऊब देत असे.

त्याचा तो प्रसिद्ध ‘सिंहकट’सुद्धा या कामातूनच आला असे सांगितले जाते. पोहायला सोपे जावे म्हणून मागचे अंग भादरायचे आणि छाती व सांधे गारठू नयेत म्हणून तिथले केस ठेवायचे. पुढे कुत्र्यांच्या प्रदर्शनांत ही सोय शोभा होऊन बसली.

कामाचा कुत्रा असल्याने तो हुशारही आहे. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांच्या मतांवरून जातींची क्रमवारी लावली. तीत बॉर्डर कॉलीनंतर पूडलचा दुसरा क्रमांक लागला. या जातीच्या चाहत्यांत उपनिषदांवर प्रेम करणारा जर्मन तत्त्वज्ञ आर्थर शोपेनहॉअर होता. त्याने एकामागून एक पाळलेल्या पूडलांना ‘आत्मा’ हेच नाव दिले.

हुशारीची दुसरी बाजूही आहे. अशा कुत्र्याला दिवसभर सोफ्यावर बसवून ठेवले तर तो कंटाळतो, भुंकतो, वस्तू कुरतडतो. आकाराने लहान पूडललाही रोज फिरणे, खेळणे आणि डोक्याला काहीतरी काम लागते.

केस गळत नाहीत म्हणजे काय?

पॉमेरियन किंवा लॅब्रेडॉरचे केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतात आणि मग गळतात. पूडलच्या केसाचा वाढीचा काळ फार लांबतो, त्यामुळे माणसाच्या डोक्यावरच्या केसांसारखे ते वाढतच राहतात. शिवाय अंगावर केसांचा एकच थर असतो. खाली वेगळी मऊ लव नसते.

हे कशामुळे होते, याचे उत्तर २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दिले. ८० जातींच्या एक हजाराहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी दाखवले, की कुत्र्यांच्या केसांमधली बहुतेक विविधता अवघ्या तीन जनुकांतील बदलांनी ठरते. एक जनुक केस लांब होणार की आखूड हे ठरवते, दुसरे ते कुरळे होणार की सरळ हे ठरवते, आणि तिसऱ्यामुळे मिशा-भुवयांसारखे झुपके येतात आणि केस गळणे कमी होते. पूडलमध्ये हे तिन्ही बदल एकत्र आलेले असतात.

तरीही पूडलचे केस अजिबात गळत नाहीत असे नाही. थोडे गळतात, पण फरशीवर न पडता शेजारच्या कुरळ्या केसांत अडकून राहतात. फरशी स्वच्छ दिसते आणि गुंता मात्र अंगावर साठत जातो. रोज विंचरून तो काढला नाही तर त्याच्या जटा होतात. जटा आवळत जाऊन कातडी ओढतात, तिथे वारा लागत नाही आणि ओल साठून जखम होते. वरून गुबगुबीत दिसणाऱ्या कुत्र्याचे अंग आतून सोललेले असू शकते.

म्हणून पूडलच्या बाबतीत विंचरणे हा हौसेचा भाग नाही, ते औषधपाण्याइतकेच आवश्यक आहे. रोज पंधरा-वीस मिनिटे विंचरणे आणि दर चार ते सहा आठवड्यांनी केस कापणे हा त्याचा किमान खर्च, आणि तो कुत्रा जिवंत असेपर्यंत सुटत नाही.

ॲलर्जी होत नाही, हा दावा

‘केस गळत नाहीत, म्हणून ॲलर्जी होत नाही’ असे सांगून पूडल आणि त्याच्या संकरित जाती विकल्या जातात. यातली पहिली अडचण अशी, की ॲलर्जी केसांची नसतेच. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि मूत्रात असलेल्या प्रथिनांची ती असते. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, तिचे सूक्ष्म कण हवेत तरंगतात आणि श्वासावाटे आत जातात. केस हे या प्रथिनांचे एक वाहन, इतकेच.

अमेरिकेतील डेट्रॉइट येथील संशोधकांनी २०११ मध्ये १७३ घरांतील धुळीची तपासणी प्रसिद्ध केली. ‘ॲलर्जी न करणारे’ म्हणवले जाणारे कुत्रे असलेली घरे आणि इतर कुत्र्यांची घरे यांच्यात या प्रथिनाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील अभ्यासात तर अशा जातींच्या केसांवर हे प्रथिन इतर जातींपेक्षा जास्त सापडले, आणि त्यांच्या घरातील हवेत ते कमी असल्याचे दिसले नाही. या जातींमध्ये पूडलही होता.

एका जुन्या प्रयत्नाची गोष्ट इथे बोलकी आहे. हवाईमधील एका अंध स्त्रीला मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण तिच्या पतीला कुत्र्यांची ॲलर्जी होती. ऑस्ट्रेलियातील मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेत काम करणारे वॉली कॉनरन यांनी १९८९ मध्ये लॅब्रेडॉर आणि मोठ्या आकाराचा पूडल यांचा संकर केला. जन्मलेल्या तीन पिल्लांचे केस आणि लाळ हवाईला पाठवण्यात आली. तिघांपैकी एकाच पिल्लाचा त्या गृहस्थांना त्रास झाला नाही. आईवडील तेच असूनही भावंडांत एवढा फरक निघाला.

यातून घ्यायचा बोध सरळ आहे. एखाद्या माणसाला एखादा विशिष्ट कुत्रा सोसतो किंवा सोसत नाही. जातीच्या नावावर त्याची हमी देता येत नाही. घरात दमा किंवा ॲलर्जी असलेले माणूस असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि त्या माणसाने त्याच कुत्र्यासोबत, बंद खोलीत, वेगवेगळ्या दिवशी काही तास घालवून पाहावेत. कोकणात तर पावसाळ्यात गाद्या-उशांतले धूळकिडे आणि भिंतींवरची बुरशी यांनी दम्याच्या रुग्णांना आधीच जेरीस आणलेले असते. त्यात कुत्र्याची भर कितपत झेपेल, हे पिल्लू घरात येण्याआधी ठरवावे. मुलांना लळा लागल्यावर कुत्रा परत देण्याची वेळ आली, तर तो त्रास दोन्हीकडचा असतो.

पावसाचे चार महिने

पूडलच्या केसांना थंड पाणी मानवते, पण सतत ओले राहणे मानवत नाही. याचे एक टोकाचे उदाहरण अलास्कातले आहे. तिथल्या ‘इडिटॅरॉड’ या बर्फावरील घसरगाडीच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत १९८८ ते १९९१ या काळात एका स्पर्धकाने मोठे पूडल धावडवले. कुत्रे धावले चांगले, पण त्यांच्या केसांत बर्फ धरू लागला आणि पाय गारठले. पुढे नियम बदलून केवळ उत्तरेकडील थंड प्रदेशातल्या जातींनाच परवानगी ठेवण्यात आली. बदकाच्या तळ्यासाठी घडलेली लोकर दुसऱ्या हवामानात अडचण ठरली.

मालवणात बर्फ नाही, पण जून ते सप्टेंबर काहीच धड वाळत नाही. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दोरीवरचे कपडे जिथे दोन-दोन दिवस दमट राहतात, तिथे कुरळ्या लोकरीच्या तळाशी असलेली ओल आपोआप जाईल अशी आशा करू नये. भिजलेला पूडल आधी टॉवेलने टिपून आणि मग कोमट हवेच्या ड्रायरने कातडीपर्यंत वाळवावा लागतो. वीज गेलेली असेल तर काय करणार, याचाही विचार हवा. त्यावर सोपा उपाय म्हणजे पावसाळ्याआधीच सगळ्या अंगाचे केस एकसारखे आखूड कापणे. पूडलला एकच थर असल्याने तसे करता येते. पॉमेरियनसारख्या दुहेरी थराच्या कुत्र्याला तसे भादरले तर केस पुन्हा नीट न येण्याचा धोका असतो. मात्र पूडलचेही केस कातडीला लागून काढू नयेत. बोटाच्या पेराच्या निम्मे तरी ठेवावेत, म्हणजे ऊन भाजत नाही.

आंघोळीचाही एक नियम आहे. गुंता असलेले केस ओले झाले की अधिकच आवळतात. म्हणून आधी विंचरायचे, मग आंघोळ, मग वाळवणे आणि पुन्हा विंचरणे. कंगवा वरवर न फिरवता मुळापासून टोकापर्यंत सहज गेला पाहिजे. कानामागे, काखेत, जांघेत आणि गळपट्ट्याखाली गुंता सर्वांत आधी होतो.

कान ही पूडलची दुसरी नाजूक जागा. लोंबते कान आणि आतल्या नळीत उगवणारे केस यांमुळे तिथे हवा खेळत नाही. दमट हवेत बुरशी आणि जीवाणू वाढतात. कुत्रा डोके झटकू लागला, कान खाजवू लागला किंवा कानातून कुबट वास आला, तर घरातले खोबरेल तेल न घालता पशुवैद्यकाकडे न्यावे. तेलाने ओल आत कोंडते.

पाऊस ओसरला की गोचिडी दिसू लागतात. तपकिरी गोचीड भिंतींच्या फटींत दडून राहते आणि जांभ्याच्या चिऱ्यांच्या जुन्या घरात अशा फटींना तोटा नसतो. तिच्यामुळे होणाऱ्या एर्लिकिओसिस या आजारात ताप येतो, कुत्रा खात नाही, रक्तातील बिंबिका घटतात आणि नाकातून रक्त येऊ शकते. आखूड केसांच्या गावठी कुत्र्यावरची गोचीड लांबून दिसते. पूडलच्या लोकरीत ती बोटांनी चाचपडूनच सापडते. दोडामार्ग-सावंतवाडीच्या जंगलपट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. तो पसरवणारी गोचीड जंगलातली, वेगळी असते. तरी अशा भागात कुत्र्याला रानात मोकळे सोडू नये आणि फिरून आल्यावर त्याचे अंग तपासावे.

लेप्टोस्पायरोसिस सिंधुदुर्गाला नवा नाही. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी शेतात, व्हाळात आणि अंगणातल्या डबक्यात साचते. कुत्र्यालाही त्यातून संसर्ग होतो आणि त्याच्या मूत्रातून तो घरातल्यांपर्यंत पोहोचू शकतो. त्यावरची लस दर वर्षी द्यावी लागते, ती पावसाळ्याआधी झालेली असावी. रेबीजची लस तर प्रत्येक कुत्र्याला हवीच. शेजारच्या गोव्यात मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांचे लसीकरण झाले आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. सातत्याने टोचणी केली की काय साधते, याचे हे घराजवळचे उदाहरण आहे. पूडलच्या दाट केसांखाली दुसऱ्या कुत्र्याने घेतलेला चावा दिसतही नाही, म्हणून भांडण झाले असेल तर अंग उघडून पाहावे.

समुद्र, अंगण आणि स्वयंपाकघर

चिवल्याच्या किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर पूडलला नेले तर बहुधा तो आनंदाने पाण्यात शिरेल, त्याचा तो पिढीजात छंद आहे. पण तळ्यात वाढलेल्या जातीला लाटांचा अंदाज असतोच असे नाही. अगदी लहान पूडलला लाट सहज ओढून नेते. त्याला दोरी आणि शक्य असल्यास तरंगणारे जाकीट असावे. पावसाळ्यात समुद्र त्याला वर्ज्यच समजावा. उन्हाळ्यात पहाटे किंवा सूर्य कलल्यावर न्यावे. तापलेल्या वाळूने पंजे भाजतात आणि कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. पिण्याचे गोडे पाणी सोबत असावे, नाहीतर तो खारे पाणी पितो आणि उलट्या-जुलाब सुरू होतात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने अंग धुऊन मीठ आणि वाळू काढून टाकावी.

रापण ओढून झाल्यावर किनाऱ्यावर टाकून दिलेली मासळी, गळ आणि जाळ्याचे तुकडे पडलेले असतात. त्यात केंड मासाही असतो. त्याच्या शरीरात जीवघेणे विष असते, तोंड लावले तरी धोका. घरातही जपावे लागते. मालवणी वाटणातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. तीन किलोच्या कुत्र्याला त्रास व्हायला फार लागत नाही. माशाचा काटा घशात रुततो, आंब्याची कोय आतड्यात अडकते आणि ओल्या काजूच्या सालीतल्या चिकाने तोंड पोळते. ‘आमचा वाडीतला कुत्रा सगळे खातो’ हा आग्रह पाहुण्या पूडलला महागात पडू शकतो.

घेताना काय पाहावे

पूडलचे आकार ठरलेले आहेत. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या मानकानुसार खांद्यापर्यंत उंची मोजली तर टॉय २४ ते २८ सेंटिमीटर, मिनिएचर ३५ पर्यंत, मध्यम ४५ पर्यंत आणि स्टँडर्ड साधारण ६० पर्यंत असतो. ‘टीकप’ नावाचा प्रकार या मानकात नाही. चहाच्या कपात मावणारे पिल्लू म्हणजे बऱ्याचदा आणखी खुजे करण्यासाठी पैदास केलेले किंवा आईपासून लवकर तोडलेले पिल्लू असते. एवढ्या लहान पिल्लाची रक्तातील साखर एक-दोन वेळचे खाणे चुकले तरी घसरू शकते.

लहान पूडलमध्ये गुडघ्याची वाटी सरकणे, दात लवकर किडणे-पडणे आणि डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार दिसतो. या आजाराने दृष्टी हळूहळू जाते. त्याच्या काही प्रकारांसाठी जनुकीय चाचणी आहे. मोठ्या पूडलमध्ये पोटात हवा भरून पीळ पडणे, ॲडिसन हा अंतःस्रावी ग्रंथींचा आजार आणि त्वचेतील तैलग्रंथींचा दाह यांकडे लक्ष ठेवावे लागते. चांगला सांभाळ झाला तर लहान पूडल चौदा-पंधरा वर्षेही जगतो. म्हणजे आज पहिलीत असलेले मूल पदवी घेईपर्यंत.

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यांनुसार विक्रेत्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक, लसीकरणाचे कार्ड आणि पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहायला मिळत नसेल, तर फोटो पाहून पैसे पाठवू नयेत.

गावी ठेवून जाण्याआधी

शहरातल्या फ्लॅटमध्ये कुत्र्याचे जमेनासे झाले की ‘गावी मोठे अंगण आहे, आईबाबांना सोबत होईल’ असा विचार पुढे येतो. विचार प्रेमाचा असतो. सोबत खरोखरच होते. पूडल माणसाळू आहे, शिकवले तसे वागतो आणि एकट्या घरात त्याची चाहूल हवीशी वाटते. पण सत्तरीच्या आईला गुडघ्यांवर बसून रोज त्याच्या काखेतला गुंता सोडवता येईल का, हा प्रश्न तिला आधी विचारला पाहिजे. केस कापणारा माणूस किती अंतरावर आहे, रात्री-अपरात्री पशुवैद्यकाकडे कोण नेणार, त्याचा खर्च दर महिन्याला कोण पाठवणार, हेही ठरले पाहिजे.

उत्तरे समाधानकारक असतील तर वाट सोपी करता येते. केस कायम आखूड ठेवायचे, घरातल्या एखाद्या तरुण माणसाला किंवा शेजाऱ्याला विंचरणे आणि क्लिपर चालवणे शिकवायचे, लसी आणि गोचीडनाशकाच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायच्या. उत्तरे मिळत नसतील तर मात्र त्या अंगणासाठी पूडल नको. दारातला आखूड केसांचा, याच पावसात वाढलेला गावठी कुत्रा लस टोचून, नसबंदी करून पाळला तर तो तितकाच जीव लावतो आणि त्याला ड्रायर लागत नाही.